तेवढं मागचं शिकव

आत्या,

तुम्ही गेलात त्या सकाळी मला आधी रडू आलं नाही. आधी हायसं वाटलं. हे मी अजून कुणाला बोलून दाखवलेलं नाही, कारण सासू गेल्यावर सुनेला हायसं वाटलं म्हटलं की लोक त्याचा एकच अर्थ लावतात. तुम्ही तो लावणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. तुमच्या पोटातलं दुखणं थांबलं याचं बरं वाटलंच. पण त्याहून बरं वाटलं ते याचं, की जाताना तुमच्या आत काही अडकून राहिलं नव्हतं. वर्षभरापूर्वी तुम्ही गेला असतात तर तसं नसतं झालं, आणि मग मी या घरात कशी राहिले असते कोण जाणे.

लग्न होऊन आले तेव्हा मी तुम्हाला ‘आई’ अशी हाक मारली होती. तुम्ही लगेच दुरुस्त केलंत. आई तुझी पुण्यात आहे, इथं सासूला आत्या म्हणतात. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं, तूही आबाच म्हण. तेव्हा मी तुम्हाला आवडायचे. या घरात मी पहिल्यांदा आले ती तुमच्या जयूची मैत्रीण म्हणून. आम्ही दोघी शिरवळच्या एका कारखान्यात होतो. ती कराडच्या कॉलेजातून इंजिनियर होऊन आलेली, मी स्पॅनिश शिकून दुभाषी म्हणून लागलेली. कारखान्यात स्पेनहून यंत्रं यायची, त्यांच्याबरोबर ती बसवणारी माणसं यायची, आणि त्यांचं बोलणं इकडं नि इकडचं तिकडं करणं हे माझं काम. जयूनं मला बेंदराच्या सणाला घरी आणलं. पोळी वाढता वाढता तुम्ही माझं गाव, माझे आईबाप, माझा स्वभाव सगळं काढून घेतलंत, आणि वर्षाच्या आत मी जयूच्या थोरल्या भावाची, संजयची बायको झाले.

जेवणाच्या सुट्टीत जयू माझ्याकडं स्पॅनिश शिकायची. कामाला उपयोगी पडेल म्हणून. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं आणि तिनं घरी सांगितलं, की यंत्रं बसवायला आलेल्या मार्कोसशी तिला लग्न करायचंय. त्या दिवशी तुम्ही तिच्याशी भांडला नाहीत, माझ्याशी भांडलात. मी म्हणाले, मी क्रियापदं शिकवली, प्रेम करायला नाही शिकवलं. ते बोलायला नको होतं. जयू लग्न करून स्पेनला गेली. तेव्हापासून ‘सून आली ती भाषा घेऊन आणि लेक गेली ती भाषा घेऊन’ हे वाक्य तुम्ही पैपाहुण्यांना अकरा वर्षं ऐकवलंत. मी समोर चहाचा ट्रे घेऊन उभी असले तरी.

आबा फौजेतून सुभेदार होऊन आलेले, पण घरात हुकूम तुमचा. जयूचा फोन या घरात यायचा नाही असं तुम्ही सांगितलंत, आणि तो आला नाही. आबा रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून हायवेच्या फाट्यापर्यंत चालत जायचे. पुण्याकडून येणारी सांगलीची गाडी थांबली की कोण उतरतंय ते बघायचे आणि परत फिरायचे. फाट्यावरच्या चहावाल्याला ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक होतं, तुम्हालाही होतं. ते आले की तुम्ही पाण्याचा तांब्या पुढं करायचात. विचारायचा काहीच नाहीत.

आबा छातीत कळ येऊन गेले, त्या दिवशी संजयनं जयूला फोन लावला. मिळेल त्या विमानानं निघते, मातीला नाही तरी दहाव्याला पोचते, असं ती म्हणाली. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. उठलात, संजयच्या हातातून फोन ओढून घेतलात आणि म्हणालात, "आता कशाला येतीस? यायचं न्हाई." आणि फोन बंद करून त्याच्या हातात परत दिलात. ती आली नाही. त्या वेळी मी दोन पावलांवर होते, आत्या. मी तोंड उघडलं नाही. माझ्या नावावर आधीच एक गुन्हा आहे, दुसरा कशाला, असा विचार मी केला. तुमच्या रागाच्या आड माझं गप्प राहणं झाकून गेलं, एवढंच.

पुढची पाच वर्षं, तो टोमणा सोडला तर, जयूचा विषय या घरात निघाला नाही. मी तिच्याशी बोलायचे, तेही दळण आणायला गेले की, गिरणीच्या आवाजात. तिला मुलगी झाली होती, इनेस. तिचे फोटो माझ्या फोनमध्ये होते. तुम्ही माझा फोन कधी हातात घेतला नाहीत, तरी तो टेबलावर पडलेला असला की तुमची नजर त्याच्यावरून जाऊन यायची.

मग इनेसचा तो निरोप आला. ती नऊ वर्षांची होती. शाळेतून गृहपाठ होता, आजी-आजोबांना सात प्रश्न विचारा: लहान असताना ते कुठं राहायचे, काय जेवायचे, काय खेळायचे, शाळेत कसे जायचे. तिनं ते सातही प्रश्न स्वतःच्या आवाजात बोलून मला पाठवले. स्वयंपाकघरात तुम्ही लसूण सोलत होता, तेव्हा मी ते मुद्दाम मोठ्यानं लावले. इथं एक कबूल करते, जे तुम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. गृहपाठ खरा होता, पण तो केव्हाच देऊन झाला होता. मार्कोसच्या आईनं उत्तरं दिली होती, बाईंनी शाबासकीही दिली होती. मीच जयूला म्हणाले होते, इनेसला सांग, ते प्रश्न अजून एकदा विचार, या आजीलाही. दोन-तीनदा ओठांवर आलं होतं, पण तुम्ही इतक्या मन लावून अभ्यास करायला लागलात, की मला धीर झाला नाही.

आवाज कुणाचा हे तुम्ही विचारलं नाहीत. पोरगी काय म्हणते, एवढंच विचारलंत. मी मराठीत सांगितलं. तुम्ही हातातली पाकळी ठेवून दिलीत आणि उत्तरं सांगायला लागलात, जशी काही ती आधीच तयार होती. माहेर तासगावकडचं. भाकरी आणि खर्डा. खेळायला सवड कुठली, धाकट्या भावाला काखेला मारून गावभर फिरायचं, तोच खेळ. हळद शिजायला लागली की कायलीजवळ बसायचं, अंग पिवळं व्हायचं. शाळेत चालत, चौथीपर्यंत. मी ते लिहून घेतलं, त्याचं स्पॅनिश केलं, आणि वाचून पाठवायला फोन तोंडाजवळ नेला, तर तुम्ही माझा हात धरलात.

"तू मधी नगं. म्या सांगती तिला. मला शिकव."

मी समजावलं, की भाषा अशी चार दिवसांत येत नाही. आधी वर्तमानकाळ शिकायचा असतो. मी जाते, मी खाते, मी राहते. तो पक्का झाला की मग मागचं आणि पुढचं. तुम्ही लसणाची टरफलं परातीत गोळा करत होता.

"मला आजचं न्हाई बोलायचं," तुम्ही म्हणालात, "आन उद्याचं तर न्हाईच. तेवढं मागचं शिकव."

मी घरबसल्या संगणकावरून कितीतरी जणांना शिकवलंय. असा हट्ट कुणी केला नव्हता. मी महिनाभर वाद घातला, की पायाच नाही तर भिंत कशावर उभी करायची. तुम्ही रोज दुपारी भांडी झाली की वही घेऊन बसायचात आणि मागचंच मागायचात. शेवटी मी हार मानली. हार मानली म्हणजे शिकवायला लागले, पटलं नव्हतं. अजूनही पटलेलं नाही.

मी सांगितलं, की त्यांच्याकडं भूतकाळ दोन. एकदा घडली आणि संपली, त्या गोष्टीचा एक. आणि रोज घडायची, चालू असायची, तिचा दुसरा. आपण जायचो, खायचो, बोलायचो म्हणतो, तसा. तुम्ही विचारलंत, आबा गेले हे कुठल्यात बसतं? मी म्हणाले, पहिल्यात. तुम्ही मान हलवलीत. "मग त्यो ऱ्हाऊ दे. जगत हुते तवाचा शिकव."

तर दुसरा. मी वहीत पहिलं क्रियापद लिहिलं, काम करणं. त्राबाखार. नियमित आहे, वांड नाही, म्हणून सोपं. शेवटचा ‘आर’ काढायचा आणि तिथं ‘आबा’ लावायचं. मी काम करायचो, त्राबाखाबा. तू करायचास, त्राबाखाबास. आम्ही, त्राबाखाबामोस. ते लोक, त्राबाखाबान. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. काय लावायचं म्हणालीस, म्हणून पुन्हा विचारलंत. आबा, मी म्हणाले. मला खरंच तोपर्यंत सुचलं नव्हतं.

मग चालायचं ते कामिनाबा. गायचं ते कान्ताबा. बोलायचं ते आब्लाबा. तिथं लिहिताना ‘ह’ असतो, पण तो म्हणायचा नाही. तुम्ही म्हणालात, मग ही आपलीच भाषा झाली, आपण तरी ‘आमी, तुमी’ म्हणताना ‘ह’ कुठं काढतो. आजोबाला काय म्हणतात विचारलंत. आबुएलो, मी सांगितलं. तुम्ही पदर तोंडाला लावून हसायला लागलात. ज्यांचं नाव जन्मात कधी घेतलं नाहीत, ते माणूस प्रत्येक शब्दाच्या मागं येऊन बसलंय असं म्हणालात. आबा गेल्यापासून तुम्हाला हसताना मी बघितलं नव्हतं. संजय बाहेरून आत आला आणि दारातच थांबला.

‘आर’ची क्रियापदं संपली आणि मी ‘एर’ची काढली, तेव्हा तुम्ही साफ नकार दिलात. खायचो म्हणजे कोमीआ. यात आबा नाहीत, हे मला नको. मी जेवणाचं दुसरं क्रियापद शोधून दिलं, सेनाबा. त्यावर तुमचं समाधान झालं. वांड किती आहेत, असं एकदा विचारलंत. या काळात तीनच, मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, मग आपल्या भावकीपेक्षा बरी.

जूनमध्ये पोटातल्या गाठीचं निदान झालं. सांगलीला तुमचे भाऊ, म्हणून मिरजेचा दवाखाना धरला. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध. संजय गाडी चालवायचा, आपण दोघी मागं. इस्लामपूर, आष्टा, सांगली, मिरज, आणि सगळ्या वाटेनं तुमची क्रियापदं. सुईच्या खोलीत शेजारच्या खाटेवर चिकोडीकडची एक म्हातारी असायची. तिनं एकदा कानडी हेलात विचारलं, की हे कुठल्या देवाचं चाललंय. तुम्ही म्हणालात, लेकीच्या देशाचं. लेकीच्या. मी खिडकीकडं बघत होते, तशीच बघत राहिले. त्याच दिवशी नर्सनं विचारलं, सोबत मुलगी का? "सून हाय," तुम्ही म्हणालात. "मास्तरीण हाय माजी. लय कडक." अकरा वर्षांनी त्या भाषेवरून तुम्ही माझ्याविषयी चारचौघांत काही बरं बोललात, ते हे. तुम्हाला वाटलं असेल, मी ऐकलं नाही.

येताना, आष्टा मागं पडल्यावर, तुम्ही म्हणालात, वाट बघणं कसं म्हणतात? मी सांगितलं, एस्पेरार. नियमितच आहे. आशा करणं याला पण तोच शब्द. तुम्ही स्वतःच लावून बघितलंत, एस्पेराबा. मी वाट बघायची. मग विचारलंत, आणि ते वाट बघायचे? मी म्हणाले, एस्पेराबा. तेच.

"तेच कसं? म्या येगळी, ते येगळे."

मी समजावलं, या काळात ‘मी’चं आणि ‘तो’चं रूप एकच असतं. कुणाविषयी बोलतोय ते मागच्या-पुढच्यावरून कळतं, नाहीतर ‘मी’ किंवा ‘तो’ पुढं जोडायचं. आपल्याकडं तरी काय, ‘मी वाट बघायचे’ आणि ‘आबा वाट बघायचे’, एकच की. तुम्ही म्हणालात, ते तुझं पुण्याचं असेल, आम्ही ‘म्या बघायची’ म्हणतो. मी म्हणाले, त्यांच्याकडं बाई-पुरुष असाही फरक नाही. इस्लामपूर आलं तसं म्हणालात, की हा शब्द वहीत लिहू नकोस, मला नको. वाट आबा बघायचे, मी बघायची नाही. मला हे वेगळं सांगता येत नसेल तर मी सांगायचीच नाही.

मी तेव्हा म्हणायला हवं होतं, की आत्या, आबा फाट्यावरून परत यायच्या वेळेला तुम्ही दारातच कशा असायचात? तांब्या भरून? मी नाही म्हणाले. गाडीत संजय होता. आणि तुम्ही दमला होतात.

ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी चारला आपण फोन लावला. चित्र दिसणारा. तिकडं नुकती दुपार झाली होती. ठरलं होतं असं, की फक्त इनेस बोलेल. जयू समोर येणार नाही. हे तुमच्याच म्हणण्यावरून. तुम्ही धुवट इरकल नेसला होतात आणि वही दोन्ही हातांत धरली होती, शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तशी. इनेस दिसली. आबांचं कपाळ, जयूची हनुवटी. तिनं पहिला प्रश्न विचारला आणि तुम्ही उत्तर दिलंत. दुसरं. तिसरं. तुम्ही ‘चालत जायची’ म्हणालात आणि तिला कळलं. ‘भावाला घेऊन फिरायची’ हे मी सोपं करून दिलं होतं, तेही कळलं. सातव्या उत्तरानंतर मी सुटकेचा श्वास सोडला. संपलं होतं.

पण इनेसनं आठवा विचारला. तो तिचा स्वतःचा होता. आबुएलो काय करायचा?

वहीत हे नव्हतं. मी तुमच्या कानाशी यायला पुढं झाले, तुम्ही कोपरानं मला मागं सारलंत. त्राबाखाबा, तुम्ही म्हणालात. काम करायचा. मग, कामिनाबा. चालायचा. मग थोडं थांबून, एस्पेराबा.

इनेसनं भुवया वर केल्या. कोण, तिनं विचारलं, आबुएलो का?

"एल आबुएलो," तुम्ही म्हणालात. वही खाली ठेवलीत. "इ यो." आजोबा, आणि मी.

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. इनेस बाजूला बघायला लागली. मग चित्रात जयू आली. तुम्ही दोघी एकमेकींकडं बघत होतात. तिला वाटलं असेल तुम्ही रागवाल. तुम्हाला काय वाटत होतं ते मला कळत होतं, कारण तुम्ही माझा गुडघा घट्ट धरून ठेवला होतात.

"आई," ती म्हणाली.

"किती पांढरी झालीस गं," तुम्ही म्हणालात. "केसाला तेल लावत न्हाईस व्हय?"

डिसेंबरात इनेसच्या शाळेला सुट्टी लागली तशा मायलेकी आल्या, तीन आठवडे. संजय त्यांना आणायला मुंबईला गेला होता. गाडी अंगणात थांबली तेव्हा तुम्ही भाकरतुकडा ओवाळून टाकलात आणि इनेसला पोटाशी धरलंत. जयूला लगेच नाही. तिला म्हणालात, आधी हातपाय धू. मला जरा भीती वाटली. पण जेवताना तिच्या ताटात तुम्ही न विचारता तिसरी भाकरी टाकलीत आणि तिनं ती खाल्ली.

त्या तीन आठवड्यांत तुमची आणि इनेसची जी भाषा चालायची, ती ऐकून माझ्यातली मास्तरीण रोज मरायची. तुम्हाला फक्त भूतकाळ यायचा. तिला जेवायला बोलवायचं झालं की तुम्ही विचारायचात, "सेनाबास?" म्हणजे, तू जेवायचीस का? ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणायची, "जेवले," आणि पानावर येऊन बसायची. मी एकदा म्हणाले, बघा आत्या, वर्तमानकाळ लागतोच. तुम्ही तिच्या वेणीला रिबन बांधत होता. "पोरगी जेवली न्हवं?" एवढंच म्हणालात. आपला वाद तिथंच राहिला. एखादा विद्यार्थी वर्तमानकाळात अडकला की हल्ली मला तुमचं हे वाक्य आठवतं आणि मी फार ताणत नाही.

एका सकाळी तुम्ही जयूला घेऊन विहिरीकडं गेलात. उसाला पाणी बघून येतो म्हणालात. तुम्हाला तेव्हा अंगणातून दारापर्यंत चालणं जड होतं, तरी तिच्या खांद्याला धरून गेलात. तासाभरानं आलात. दोघींचे डोळे लाल होते आणि तुम्ही लगेच चहा मागितलात. मी विचारलं नाही. त्या दिवसापासून तुम्हाला झोपेची गोळी लागली नाही, एवढं मात्र मी बघितलं.

मार्चमध्ये तुम्ही गेलात. सकाळची वेळ, चहा अर्धा झालेला, उशीला टेकून बसलेल्या. संजयनं जयूला फोन केला, आणि या खेपेला फोन कुणी हिसकून घ्यायला नव्हतं. ती सावडण्याच्या दिवशी पोचली. अंगणात येऊन ती आधी माझ्या गळ्यात पडली, मग संजयच्या. भावकीतल्या बायका बघत होत्या. बघू देत, असं वाटलं.

दहाव्याला संगमावर कावळा लगेच शिवला. परत येताना गाडीत सगळे तेच बोलत होते. मला त्याचं विशेष वाटलं नाही. मला जे कळायचं होतं ते तुमच्या झोपेवरून आधीच कळलं होतं.

जयू जायला निघाली त्या सकाळी मी तिला हायवेपर्यंत सोडायला गेले. मुंबईची गाडी यायला वेळ होता. आम्ही फाट्यावरच्या कट्ट्यावर बसलो. तिथं तिनं मला विहिरीवरचं सांगितलं. तुम्ही म्हणाला होतात, "त्यो फोन म्या एकदाच वढून घेतला, जये. एकदाच केलं. पर लय मोठं केलं." आणि तिनं काय म्हणावं याची वाट न बघता विहिरीच्या काठावर बसून राहिलात. ती म्हणाली, आई, मीही यायला हवं होतं, तू नको म्हणालीस तरी. मग दोघी रडलात आणि मग तुम्हाला चहाची तलफ आली. एवढंच झालं म्हणे.

मग मीही सांगितलं. त्या दिवशी मी दोन पावलांवर होते आणि गप्प राहिले. हे मी तुम्हाला सांगायचं ठेवलं होतं, आत्या, आणि ते राहून गेलं, म्हणून तिला सांगितलं. जयूनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं माझा हात घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

गाडी दिसली तशी ती उठली. बॅग उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"वहिनी," ती म्हणाली, "आता मी इकडं कुणासाठी येऊ?"

"माझ्यासाठी ये," मी म्हणाले.

ती हसली, रडली, आणि गाडीत चढली. मी घरी आले. संजय शेतावर गेला होता, घर रिकामं होतं. मी तुमच्या खोलीत गेले, तुमच्या खाटेवर आडवी झाले आणि भर दुपारी दोन तास गाढ झोपले. या घरात आल्यापासून मी दुपारची कधी झोपले नव्हते. उठले तेव्हा जयूचा निरोप येऊन पडला होता, गाडीतून पाठवलेला. इनेसच्या उन्हाळ्याच्या सुट्टीची तारीख तिनं कळवली होती. मी चहा ठेवला आणि कॅलेंडरवर त्या दिवसाभोवती गोल केला.